सात लाखांची गाडी आणि अम्मींचे गुडघे

गेल्या पावसाळ्यात मुलगा लोट्याहून कामावरून परतताना परशुराम घाटात स्कूटरसकट घसरला. अल्लाहची मेहेरबानी, कोपर सोलण्यावर भागले. पण त्याच स्कूटरवर दर सुट्टीला पुढे नातू, मागे सून अशी तिघांची सवारी चिपळूणच्या बाजारात जायची. त्या रात्री अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जेवताना विषय काढला, "तुझे ग्रॅच्युइटीचे पैसे पडून आहेत ना? मग चार चाकं घ्या. पोरगं काय रोज रोज वाचणार आहे?"

तीस वर्षे शाळेत शिकवून हाती आलेले हे पैसे. त्यातले सात लाख गाडीला द्यायचे ठरले, त्यावर एक रुपयाही नाही. व्याजाचे कर्ज आमच्या घरात घेत नाहीत, त्यामुळे रक्कम ठरली म्हणजे ठरली. ज्यांना हप्ता भरायचा असतो त्यांना शोरूममधला पोरगा सहज म्हणतो, "महिन्याला फक्त हजार रुपये वाढवा, वरचं मॉडेल मिळेल." आमच्यापाशी ही वाट बंद होती. "शून्य टक्के व्याज" असा फलक दिसला तेव्हा मी एवढेच विचारले, की पूर्ण रक्कम एकदम दिली तर किती सूट? सूट निघाली. हप्त्याच्या योजनेत तीच सूट गायब होत होती. बिनव्याजी म्हणून भुलण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारा. आणि एकदम द्यायचे म्हणजे नोटा मोजून द्यायचे असे नव्हे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे विक्रेत्याला कायद्याने मना आहे. चेक किंवा बँकेतून थेट भरणा करावा.

जाहिरातीतली किंमत आणि गाडी दाराशी येते ती किंमत यांत मोठे अंतर असते. समजा, एक्स-शोरूम किंमत साडेपाच लाख. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर, म्हणजे 60,500 रुपये. मग विमा, नोंदणी, नंबरप्लेट, फास्टॅग. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला (आधी 28 टक्के आणि वर उपकर होता), म्हणून तर आमच्या सात लाखांत काही बसू लागले. कोटेशनची प्रत्येक ओळ वाचा. आमच्या कागदावर "हँडलिंग" नावाची एक ओळ होती. हे कशाचे, असे विचारल्यावर पोरगा हसला आणि त्याने ती खोडली. न विचारणाऱ्याकडून ती वसूल होतच असणार.

विमाही तिथूनच घेतला पाहिजे असे नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षावर्षाने घेता येतो, आणि कुठल्याही कंपनीकडून. चिपळूणकरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या गल्लीतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाण्याने इंजिन निकामी झाले तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. चामड्यासारख्या सीटकव्हरपेक्षा त्यावर पैसे घालवलेले बरे.

आता सुरक्षेचे. मुलगा मायलेजचे आकडे पाहत होता, सून रंग पाहत होती. मला त्या घाटातल्या संध्याकाळीनंतर दुसरे काही सुचत नव्हते. ग्लोबल एनकॅप ही संस्था ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवून तारे देते. टाटा टियागोला 2020 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, टाटा पंचला 2021 मध्ये पाच. 2023 मध्ये मारुतीच्या वॅगन आरला एक आणि अल्टो के-10 ला दोन. मुलांच्या सुरक्षेत या दोघींना शून्य. पुढे 2025 मध्ये या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग आल्या, त्यामुळे जुन्या ताऱ्यांवरून आजच्या गाडीला सरसकट नावे ठेवता येत नाहीत. पण एअरबॅगची संख्या म्हणजेच सुरक्षा, असेही नाही; धडकेत पत्र्याचा सांगाडा किती टिकतो हे आदळवल्याशिवाय कळत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झाले आहे. तुम्ही घेताय त्या मॉडेलची चाचणी कोणत्या साली झाली आणि चाचणीच्या गाडीत काय काय बसवलेले होते, हे दोन्ही पाहावे.

तारे पाहून झाले की मागच्या सीटवर स्वतः बसा. मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की नुसता कमरेचा? नातवाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक आहेत का? आपल्याकडे पोर मांडीवर घेऊन पुढे बसायची सवय आहे, आणि धडकेच्या क्षणी कुठल्याच आईचे हात ते वजन धरू शकत नाहीत. पट्टा बुरख्याच्या घोळावरून घेतला तर तो सैल राहतो, हेही तिथेच लक्षात आले. कापड वर सारून पट्टा कमरेच्या हाडावर बसवावा लागतो. सून आणि मी शोरूममध्ये हा प्रयोग करत होतो तेव्हा तो पोरगा भलतीकडे पाहत उभा होता.

अम्मींना आम्ही दोन्ही शोरूममध्ये नेले. मुलगा म्हणत होता, त्यांना कशाला त्रास? पण गाडी कराडच्या डॉक्टरांकडे जाणार ती त्यांच्या गुडघ्यांसाठी. पहिल्या गाडीत त्या बसल्या, पण उठताना दोघांना हात द्यावा लागला. सीट खाली होती. दुसरी उंच होती. अम्मी कमरेतून वळल्या, बसल्या आणि आपल्या आपण उतरल्या. कागदावर पहिली गाडी सरस होती. त्या दिवशी घरी यायला मगरिब झाली आणि वाटेत कोणी फारसे बोलले नाही. एका गाडीला तारे जास्त, दुसरीत आजी बसू शकते, आणि पैसे तेवढेच. आठवडाभर यावर खल चालला. शेवटी तिसरीच एक गाडी पाहिली. सीट उंच आणि तारेही बरे, पण आमच्या पैशांत तिचे सर्वांत साधे मॉडेल बसत होते. मोठा पडदा नाही, मागच्या काचा हाताने फिरवायच्या. मुलाचे तोंड उतरले. अम्मी म्हणाल्या, "काच फिरवायला मला येते."

गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरचे गुडघे वेगळे, तुमचा रस्ता वेगळा.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर, आत दोन माणसे आणि एसी थंडगार. याने काही कळत नाही. आम्ही पाच जण बसलो, एसी चालू ठेवला आणि चढावर न्यायला लावली. ज्यांना कुंभार्ली घाट चढायचा आहे त्यांनी एवढा हट्ट करावाच. हजार सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन गावात छान पळते. भरल्या गाडीनिशी वळणावर वेग पडला की पहिल्या गिअरवर यावे लागते. सीएनजीवर जोर आणखी कमी होतो. एकच उदाहरण घ्या, वॅगन आरचे एक लिटरचे इंजिन पेट्रोलवर सुमारे 67 अश्वशक्ती देते, सीएनजीवर सुमारे 57. शिवाय टाकीने डिकी खाल्ली की अम्मींची चाकाची खुर्ची कुठे ठेवायची? मुलाने हिशेब मांडला होता. महिन्याला आठशे किलोमीटर, लिटरला अठरा धरले तर पंचेचाळीस लिटरच्या आत काम होते. एवढ्या कमी धावण्यात सीएनजीचा जास्तीचा पैसा वसूल व्हायला बरीच वर्षे गेली असती. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याचा हिशेब अर्थातच उलटा येईल. कंपनीचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, त्यातून चौथा हिस्सा वजा करून मी गणित करते.

जानेवारीत गाडी तयार असल्याचा फोन आला. नोंदणीच्या आधी गाडी पाहायची, हे मी आधीच सांगून ठेवले होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या चारही टायरवर 0825. म्हणजे फेब्रुवारी 2025. गाडी ताजी आहे असे सांगणाऱ्या पोराला मी विक्री प्रमाणपत्राचा नमुना, फॉर्म 21, दाखवायला सांगितला. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते. मार्च 2025. अख्खा पावसाळा गाडीने उघड्या आवारात काढला होता. पायाखालची चटई उचलून पाहिली, चिखल किंवा गंज नव्हता, पण एका दाराच्या रबराला बुरशी धरली होती.

"मॅडम, गाडी नवीनच आहे, चाललेली नाही," मॅनेजर म्हणाले. खरे होते. पण पुढे विकताना वय कागदावरच्या वर्षावरून मोजतात, आणि मी पैसे नव्या वर्षाच्या गाडीचे मोजत होते. त्यांनी पंधरा हजार कमी करायची तयारी दाखवली. ह्यांना ते पटले होते, मुलालाही. मी नको म्हणाले. बुकिंगच्या पावतीवर उत्पादनाचे वर्ष लिहून घ्यायला हवे होते, ते मी विसरले होते. तेव्हा लिहून घेतले आणि घरी आलो. तेवीस दिवस मुलगा स्कूटरवरच गेला, आणि रोज संध्याकाळी सातनंतर माझे लक्ष फाटकाकडे.

दुसरी गाडी जानेवारी 2026 ची निघाली. पहिल्या जुम्याच्या दुसऱ्या दिवशी अम्मींना घेऊन कराडला गेलो. घाटात दोनदा पहिला गिअर टाकावा लागला. अम्मींनी पाटणपर्यंत काच चार वेळा खाली-वर केली.