हीटर कोअरची गळती आणि कूलंटची विषबाधा : काय काळजी घ्यावी?

मलकापूर, नांदुरा, खामगाव या महामार्गावरच्या गावांत गाड्यांची गॅरेजेस बरीच आहेत. डॅशबोर्ड खोलून हीटर कोअर बदलणे हे तिथले एक किचकट काम. या कामात कूलंट बाहेर काढावे लागते, आणि डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती त्याचीच.

हीटर कोअर म्हणजे काय?

डॅशबोर्डच्या आत बसवलेला हा छोटा रेडिएटर असतो. इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरते आणि त्यावरून गेलेली हवा गाडीत गरम होऊन येते. तो गळू लागला की गाडीत गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके साचते आणि पुढच्या सीटखालचे मॅटिंग ओले होते.

या वाफेने डोळे व घसा चुरचुरतो, खोकला येतो. दम्याच्या रुग्णांना जास्त त्रास होऊ शकतो. हीटर बंद करा, काचा उघडा आणि गाडी लवकर दाखवा. केवळ या वासाने गंभीर विषबाधा सहसा होत नाही. खरा धोका कूलंट पोटात जाण्याचा आहे.

कूलंट विषारी का असते?

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि रंगाने हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असते, त्यामुळे लहान मुलांना ते सरबत वाटू शकते. यकृतात त्याचे आम्लांत रूपांतर होते. रक्तातील आम्लता वाढते आणि ऑक्झलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लहान मुलाला काही घोटही घातक ठरू शकतात.

लक्षणे कशी दिसतात?

• पहिल्या काही तासांत : मळमळ, उलट्या, तोल जाणे, अडखळत बोलणे, गुंगी.
• साधारण १२ ते २४ तासांत : जोरजोरात श्वास, छातीत धडधड, कधी झटके किंवा बेशुद्धी.
• साधारण २४ ते ७२ तासांत : कंबरेत दुखणे, लघवी कमी होणे किंवा बंद होणे.

सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो, पण तोंडाला दारूचा वास येत नाही. ‘झोपला की उतरेल’ असे समजून त्याला निजवू नका. उपचारासाठी हेच तास सर्वांत मोलाचे असतात.

लगेच काय करावे?

• चूळ भरायला लावा. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध किंवा दारू देऊ नका.
• लक्षणे नसली तरी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.
• कॅन किंवा बाटली सोबत न्या. किती आणि किती वाजता प्यायले, ते डॉक्टरांना सांगा.
• दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

रुग्णालयात विषाचे आम्लात रूपांतर रोखणारे औषध देतात. विष जास्त गेले असेल किंवा मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, तर डायलिसिस लागते. ती सोय जवळ नसेल तर रुग्णाला अकोल्यासारख्या ठिकाणी हलवावे लागते. म्हणून निघायला उशीर करू नका.

भाजल्यास

गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असते. झाकण किंवा पाइप उघडला की ते उसळून चेहऱ्यावर येते. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नका. डोळ्यात गेल्यास १५ ते २० मिनिटे पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

गॅरेजमध्ये आणि घरी

• इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करा. हातमोजे आणि चष्मा वापरा.
• पाइप लावून तोंडाने कूलंट ओढू नका.
• जेवण्याआधी, तंबाखू किंवा खर्रा खाण्याआधी हात साबणाने धुवा.
• काढलेले कूलंट पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. मूळ कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे उंच ठेवा.
• सांडलेले लगेच पुसा आणि जागा पाण्याने धुवा. कुत्री, मांजरे ते चाटतात आणि दगावतात.

गाडी दुरुस्तीहून घरी आली की उरलेले कूलंट कशात भरून दिले आहे, तेवढे आजच पाहा.