प्रेमाच्या भेटीला पैसा कशाला?

फेब्रुवारी महिना उजाडला की कोल्हापुरातल्या भेटवस्तूंच्या दुकानांना लाल रंग चढतो. राजारामपुरीत कॉलेजची मुले-मुली दुकानांपुढे गर्दी करतात. लाल फुगे, कापसाची अस्वले, काचेच्या डबीतला गुलाब. आता लग्न झालेली मंडळीही यात मागे नाहीत. प्रेम व्यक्त करावे, यात गैर काहीच नाही. उलट आपल्या घरांत ते फार कमी व्यक्त होते, हीच खरी तक्रार आहे. पण प्रेम म्हणजे विकत आणलेली वस्तू, असे समीकरण झाले की गरिबाच्या घरात प्रेमाबरोबर कर्जही येते.

आमच्या ओळखीत एक जोडपे आहे. तो फौंड्रीत कामाला, ती चार घरची धुणीभांडी करते. एका वर्षी त्याने मित्राकडून आठशे रुपये उसने घेतले आणि तिच्यासाठी गुलाबाचा गुच्छ व एक चकचकीत डबी आणली. तिने डबी उघडली, किंमत विचारली आणि म्हणाली, ''अवो, एवढ्यात पोरीच्या वह्या आल्या असत्या की!'' तो चिडला. त्या रात्री दोघेही जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी त्याने काहीच आणले नाही. फक्त आदल्या दिवशी तिची अंगठा तुटलेली चप्पल गुपचूप पिशवीत घालून नेली, शिवून आणली, तेलाचा हात फिरवून उंबऱ्याशी ठेवली. ती गेले तीन महिने ती चप्पल सुतळीने बांधून चालत होती. सकाळी तिने पाय घातला आणि काही न बोलता आत गेली. ''डोळं पुसायला गेली हुती,'' तो आम्हाला हसत सांगत होता.

बंधू-भगिनींनो, या दोन वर्षांत फरक कशाचा? पैशाचा नव्हे. पहिल्या वर्षी त्याने दुकान पाहिले, दुसऱ्या वर्षी तिला पाहिले. भेट स्वस्त असो की महाग, ती देण्याआधी माणसाकडे नीट पाहावे लागते. हे पाहणे फुकट असते, म्हणूनच आपण ते विसरतो. घरच्या घरी, अगदी थोडक्या खर्चात देता येतील अशा काही भेटी इथे सांगत आहोत.

चपलेला तेलाचा हात

वरच्या गोष्टीतली चप्पल कोल्हापुरी होती. आपल्या कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी नावारूपाला आणलेल्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याच्या वस्तूंनी कमावलेले असते. त्यामुळे तिला पाणी सोसत नाही. भिजलीच तर उन्हात टाकू नये, सावलीत वाळवावी. अधूनमधून एरंडेल किंवा खोबरेल तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन हलका हात फिरवावा. तेल थापू नये. वेणी उसवली असेल तर लगेच कारागिराकडून शिवून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे. पण ज्याची चप्पल आहे, त्याला दिवसभर पावलोपावली कोणीतरी आपली आठवण ठेवली हे जाणवत राहते.

दोघांच्या कपड्यांची वाकळ

आपल्याकडची वाकळ कोणाला माहीत नाही? तीच थोडी लहान करून भेट म्हणून शिवता येते. एकमेकांचे जुने, सुती, मऊ पडलेले कपडे निवडा. तिच्या एखाद्या लुगड्याचा वा साडीचा तुकडा, त्याचा जुना सदरा, बाळाचे पहिले झबले. टेरिकॉट घेऊ नये, ते घाम शोषत नाही आणि सुईही नीट जात नाही. कपडे धुऊन, बटणे काढून, शिवणी उसवून सपाट करावेत. खाली एक अखंड कापड अंथरावे, त्यावर तुकड्यांचे दोन-तीन थर द्यावेत, वरून पुन्हा चांगले कापड घालावे. मोठ्या टाक्यांनी चारी बाजूंनी कच्चे टाचून घ्यावे, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून धावदोरा घालत, बोटभर अंतर ठेवून, फेऱ्या मारत मध्याकडे यावे.

रोज अर्धा तास दिला तर दोन हात लांब-रुंद वाकळ महिन्याभरात होते. हे फक्त बायकांचे काम समजू नये. सुई-दोरा पुरुषाच्या हाताला चावत नाही! नवऱ्याने वाकडेतिकडे टाके घालून शिवलेली वाकळ बायको जन्मभर जपून ठेवील.

डब्यातले भडंग

सांगली-जयसिंगपूरचे भडंग प्रसिद्ध आहे. ते घरी करणे अवघड नाही. पाव किलो चुरमुरे, दोन मुठी शेंगदाणे, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन डहाळ्या कढीपत्ता, पाऊण वाटी तेल, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट, चवीपुरते मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर एवढे साहित्य पुरते. तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढावेत. त्याच तेलात ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत परतावा, कढीपत्ता टाकावा. आच बंद करून मगच हळद-तिखट घालावे, नाहीतर तिखट जळते आणि घरभर ठसका उठतो. चुरमुरे, मीठ व शेंगदाणे घालून पुन्हा मंद आचेवर पाच-सात मिनिटे हलवावे. खाली उतरवल्यावर साखर घालावी. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावे.

नवऱ्याने हे एखाद्या रविवारी करावे, आणि नंतर कढईही त्यानेच घासावी. नाहीतर भेट त्याची आणि राबणे तिचे, असे व्हायचे! सोमवारी ती कामावर निघाली की पिशवीत तो डबा ठेवावा. कारखान्यात रात्रपाळीला जाणाऱ्या नवऱ्यासाठी बायकोनेही असाच डबा भरावा. झाकणाच्या आत एक चिठ्ठी असली तर भुकेबरोबर मनही भरते.

चार ओळींचे पत्र

आता चिठ्ठीचा विषय निघालाच आहे तर एक जुनी, खरी हकिकत सांगायला हवी. १८४० मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांचे लग्न झाले. लग्नानंतर जोतीरावांनी आपल्या बायकोला घरी अक्षरे शिकवली. त्या काळात नवऱ्याने बायकोला दिलेली याहून मोठी भेट आम्हाला तरी माहीत नाही. तिला सोने-नाणे लागले नाही. लागला तो वेळ, आणि लोकांचे बोल ऐकून घेण्याची तयारी.

ती भेट पुढे परत आली. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. त्यांत आजच्या अर्थाने लाडिक मजकूर नाही. १८६८ च्या पत्रात त्या नायगावहून एक प्रसंग कळवतात. वेगवेगळ्या जातींच्या एका प्रेमी जोडप्याला गावकरी मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि त्यांनी त्या दोघांना वाचवले. १८७७ च्या पत्रात दुष्काळाची हकिकत आहे. आपण काय पाहिले, काय केले, हे नवऱ्याला बरोबरीच्या नात्याने सांगावेसे वाटणे, हेच त्या पत्रांतले प्रेम आहे.

आज मोबाइलवर दुसऱ्याने लिहिलेले शेर आणि गुलाबाची चित्रे पुढे ढकलणे सोपे झाले आहे. ती शंभर जणांना जातात. आपण मात्र एका माणसाला लिहावे. वहीचा एक कागद घ्यावा आणि चारच ओळी लिहाव्यात. पहिलीत दोघांनाच ठाऊक असलेला एक दिवस आठवावा. दुसरीत त्या माणसाने केलेली, पण कोणी न वाखाणलेली एक गोष्ट सांगावी. तिसरीत आपली एखादी चूक कबूल करावी. चौथीत पुढे काय करू ते लिहावे, आणि पाळता येईल तेवढेच लिहावे. अक्षर वाईट असले तरी चालेल.

समोरच्या माणसाला वाचता येत नसेल तर? शेजारी बसून वाचून दाखवावे. आणि जमले तर जोतीरावांसारखे पाटी-पेन्सिल घेऊन त्याच संध्याकाळी सुरुवात करावी.

एक तास तिचा, एक तास त्याचा

काही भेटी हातात धरता येत नाहीत. पहाटे उठून तिच्याआधी पाणी भरून ठेवणे, चार दिवस माहेरी जा म्हणून मनापासून सांगणे आणि मागे घर सांभाळणे, दवाखान्यात तिच्या किंवा त्याच्यासोबत रांगेत बसणे. मुले झोपल्यावर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर दोघांत एक पेला म्हशीचे दूध घ्यावे. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने पायी एक फेरी मारावी. चालताना हप्ते आणि भांडणे यांचा विषय काढायचा नाही, एवढे पथ्य पाळावे!

वेळेवर सांगावे

शेवटी एक गोष्ट. याच फेब्रुवारीच्या ७ तारखेला माता रमाईंची जयंती असते. १८९८ चा त्यांचा जन्म. अभाव आणि काळजीच्या दिवसांत त्यांनी बाबासाहेबांना साथ दिली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. १९४० मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा तो त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, चारित्र्य आणि सोबतीने सोसलेले हाल यांची त्यांनी तिथे कृतज्ञतेने नोंद केली. राजकारणाच्या त्या ग्रंथाचे पहिले पान असे बायकोच्या नावाचे आहे. मोजून काही ओळी, पण त्या वाचताना आजही गळा दाटतो. ते पान वाचायला रमाई मात्र नव्हत्या.

आपले माणूस आज आपल्यासमोर आहे. स्वयंपाकघरात आहे, पाळीवर आहे, अंगणात चप्पल शोधते आहे. त्याच्याविषयी मनात जे आहे ते फोटोला हार घालताना सांगण्यापेक्षा आजच सांगितलेले बरे. त्यासाठी लागतो वहीचा एक कागद, थोडा दोरा, चार थेंब तेल. घरात हे सगळे आहे. तेव्हा आज संध्याकाळी घरी गेल्यावर आधी आपल्या माणसाकडे एकदा नीट पाहा. काय द्यायचे ते आपोआप कळेल.