चाल बांधणे आणि ध्वनिमुद्रण एकत्र शिकायचे असेल तर…

‘म्युझिक प्रॉडक्शन करायचंय’ असे म्हणणाऱ्या बारावीच्या मुलांना बहुधा दोन गोष्टी हव्या असतात: चाल स्वतः बांधायची आणि ती स्वतःच रेकॉर्ड करायची. दोन्हींना सारखे वजन देणारे अभ्यासक्रम मोजकेच आहेत. म्हणून माहितीपत्रकातल्या नावावर जाऊ नये. आठवड्याचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि तास कुठे खर्च होतात ते पाहावे.

कान आणि गणित

जर्मनीतल्या डेटमोल्डला १९४९ साली ‘टोनमाइस्टर’ शिक्षण सुरू झाले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला स्वरलिपीही वाचता यावी आणि ध्वनिशास्त्रही कळावे, हा त्यामागचा विचार. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने तो १९७० साली उचलला.

या दुहेरी शिक्षणाची गरज तबल्यापाशी लगेच कळते. दायाँजवळ एक माइक लावला आणि दुसरा त्याहून ३४ सेंटीमीटर लांब, तर तोच बोल दुसऱ्या माइकपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज खोडला जातो आणि बोल पोकळ वाटतो. ‘काहीतरी बिघडलंय’ हे तयार कान सांगतो. माइक किती सरकवायचा हे भौतिकशास्त्र सांगते. अकरावी-बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडण्याची घाई करू नये, असे मला कळकळीने वाटते ते याचसाठी.

कुठे काय मिळते

पुण्याच्या एफटीआयआयमधला ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि त्याचा केंद्रबिंदू सिनेमा. ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी तिथलेच. पण संगीतरचना शिकायला तिथे जाऊ नये. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ साली सुरू केलेल्या केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत पाश्चात्त्य व हिंदुस्थानी संगीताबरोबर तंत्रही शिकवतात. बॉस्टनच्या बर्कलीत चित्रपटसंगीत आणि ध्वनिमुद्रण हे वेगवेगळे मुख्य विषय आहेत. खर्च मात्र प्रचंड.

विशारद झालेल्यांसाठी

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांनी राग-तालाची बैठक पक्की होते, पण हार्मनी आणि स्टाफ नोटेशन वेगळे शिकावे लागते. परदेशी जायचे असेल तर ते निदान वर्षभर आधी सुरू करावे. शिकलेले वाया जात नाही. उलट श्रुतींवर तयार झालेला कान स्टुडिओत फार उपयोगी पडतो.

फी भरण्यापूर्वी

महागडा मिक्सर दाखवला जाईल. तो विद्यार्थ्याच्या हाती आठवड्यातून किती तास येतो, हे शिकवणाऱ्यांना नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. लिहिलेली रचना वाजवायला खरे वादक मिळतात का, की सगळे संगणकावरच ऐकायचे, हेही त्यांच्याकडूनच कळेल.