स्क्रूला हात सर्वांत शेवटी

गणपती गेले, पाऊस ओसरू लागला की कोकणात बेणणीची घाई सुरू होते. आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढं गवत माजलेलं असतं, मजूर मिळत नाहीत, आणि गेल्या हंगामापासून पडवीत टांगलेला ग्रास कटर काही केल्या चालू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मग मशीन तालुक्याच्या गावी जातं. तिथे आधीच रांग असते, आणि बहुतेकांच्या कपाळी एकच निदान येतं : ‘कार्बोरेटर गेला.’ घाटावर पॉवर वीडर, पाणी उपसायचा पेट्रोल इंजिनचा पंप किंवा दुकानाबाहेरचा छोटा जनरेटर यांचीही हीच कथा.

खरं तर कार्बोरेटर म्हणजे धातूचा एक लहानसा ठोकळा. त्यात झिजणारे भाग मोजकेच. तो कायमचा जातो क्वचित. तुंबतो मात्र वारंवार. तुंबलेला कार्बोरेटर साफ करायला तासाभराचं काम आणि थोडा धीर लागतो. पण धीर न धरता बाहेरून दिसणारा स्क्रू फिरवला जातो, आणि साध्या कचऱ्याचं दुखणं पिस्टनपर्यंत पोचतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानकं लागू झाल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे कार्बोरेटर रोज उघडणारे हात शहरांतही कमी होत आहेत. शेतातल्या छोट्या इंजिनांवर मात्र तो अजून ठाण मांडून आहे. म्हणून ही विद्या आता मालकानेच थोडीफार शिकून घ्यायला हवी.

आत घडतं काय?

द्रवरूप पेट्रोल जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली की ती जळते. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखणं एवढंच कार्बोरेटरचं काम, आणि ते तो कुठल्याही मोटारीविना, वायरीविना करतो.

पिस्टन खाली गेला की इंजिन हवा ओढतं. ही हवा कार्बोरेटरच्या नळीतून जाते, आणि नळी मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. अठराव्या शतकात जन्मलेले इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांच्या नावाने हा गळा ‘व्हेंचुरी’ म्हणून ओळखला जातो. दाब घटला की खालच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर ढकललं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. फवाऱ्याची ही पद्धत १८९३ सालची. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तिचं पेटंट घेतलं आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनीही त्याच सुमारास तशीच रचना केली.

पेट्रोलला आत जायच्या वाटा मुख्यतः दोन. इंजिन आयडलिंगला असताना पायलट जेटची बारीक वाट काम करते. रेस दिली की मेन जेटची. चोक ओढला की हवेची वाट अडते, त्यामुळे थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढची बरीचशी लक्षणं आपोआप उलगडतात.

वाटी की पडदा?

पंप, जनरेटर आणि अनेक पॉवर वीडर यांच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल पातळीला आलं की तो निडलला वर ढकलून येणारी वाट बंद करतो. ही रचना सोपी, पण इंजिन आडवं केलं की तिचा हिशेब चुकतो.

ग्रास कटर आणि चेन सॉ मात्र कोणत्याही कोनात धरले जातात. म्हणून त्यांच्यात वाटी नसते, डायफ्रॅम असतो, म्हणजे लवचीक पातळ पडदा. एका बाजूचा पडदा इंजिनाच्या धक्क्यांवर हलून टाकीतलं पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा पडदा छोट्या तरफेवरून निडल उघडतो आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत सोडतो. हे पडदे कडक झाले की कार्बोरेटर आरशासारखा स्वच्छ असूनही मशीन उचल घेत नाही.

उघडण्याआधी

निम्म्या तक्रारी कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आधीच सुटू शकतात. टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे? कॉक उघडा आहे का? बंद करायचा स्विच ‘चालू’वर आहे का? हे विचारायला कुणाला कमीपणा वाटू नये.

त्यानंतर प्लग काढून बघायचा. बराच वेळ दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येतंय. खोट ठिणगीत आहे किंवा चोक जास्त वेळ राहिल्याने इंजिनात पेट्रोल भरलंय. कोरड्या प्लगच्या वेळी एक जुनी परीक्षा उपयोगी पडते. प्लगच्या भोकात पेट्रोलचे चार-पाच थेंब टाकायचे, सांडलेलं पुसून घ्यायचं, प्लग घट्ट बसवायचा आणि मगच दोरी ओढायची. इंजिन दोन-चार सेकंद धडधडून बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन कामापुरतं ठीक आहे. आता पेट्रोलची वाट टाकीपासून शोधत यायचं.

ही वाट टाकीच्या झाकणापासून सुरू होते. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल यायचं थांबतं आणि मशीन काही मिनिटं चालून गपकन बंद पडतं. झाकण सैल करून मशीन नीट चाललं, तर दुखणं सापडलं. पुढे टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर, मग नळ्यांना गेलेल्या भेगा, मग प्रायमरचा फुगा. फुगा दाबल्यावर पेट्रोलऐवजी बुडबुडेच येत राहिले, तर नळी कुठेतरी हवा घेते आहे.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. एक, एअर फिल्टर : तो धुळीने कोंदला की मशीन काळा धूर ओकतं आणि आळ कार्बोरेटरवर येतो. दुसरी, टू-स्ट्रोक मशीनच्या सायलेन्सरमधली बारीक जाळी. ती काजळीने बुजली की मशीन चालू होतं, पण जोर धरत नाही.

मशीन काय सांगतं?

एवढं सगळं ठीक निघालं, की मग लक्षणं ऐकायची. चोकवर चालतं आणि चोक काढताच बंद पडतं, याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय : पायलट जेट तुंबला आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट हवा घेतंय. आयडलिंग छान आहे पण रेस देताच मशीन बसतं, तर संशय मेन जेटवर किंवा कार्बोरेटरच्या आत पेट्रोल गाळणाऱ्या जाळीवर. जनरेटरचा आवाज सारखा चढतो-उतरतो, तेव्हाही बहुधा पेट्रोल अपुरं असतं आणि इंजिनाचा वेग स्थिर राखणारा गव्हर्नर ती तूट भरून काढायला धडपडत असतो.

वाटीतून पेट्रोल टपकत असेल तर निडलखाली कचरा अडकला आहे, निडलचं रबरी टोक झिजलं आहे किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात हेच पेट्रोल गुपचूप खाली ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ते इंजिन तसंच चालवू नये. आधी निडल दुरुस्त करावी, ऑइल बदलावं, मगच दोरीला हात लावावा.

साफसफाई

काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर आणि प्लगची टोपी काढून करायचं. आसपास विडी-सिगारेट, चूल काही नको. उघडण्याआधी आणि उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती, हे संध्याकाळी आठवत नाही.

वाटीच्या कार्बोरेटरचा कॉक बंद करून खालचा बोल्ट सोडला की वाटी हातात येते. तिच्या तळाशीच बऱ्याचदा उत्तर असतं : पाण्याचे गोल थेंब, पांढरट भुकटी, नाहीतर तांबूस-पिवळा चिकट थर. हा थर म्हणजे पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरलेला गाळ. फ्लोटची पिन सरकवली की फ्लोट आणि निडल एकत्र निघतात. मधल्या खांबात मेन जेट असतो. तो नीट बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनेच काढावा. पितळ मऊ असतं, खाच लगेच जाते.

जेट उजेडाकडे धरून बघावा. भोक पूर्ण गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे. कडेला केसाएवढा थर असला, तरी फरक पडतो. इथेच सर्वांत मोठी चूक होते : हाताशी असलेली टाचणी किंवा तार आत घातली जाते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला मोटार घेऊन निघाल्या, तेव्हा तुंबलेली पेट्रोलची नळी त्यांनी टोपीच्या पिनने मोकळी केल्याचं सांगतात. नळीला ते चाललं, जेटला चालत नाही. जेटचं ०.६० मिलिमीटरचं भोक खरवडून ०.६६ झालं, तर डोळ्यांना कळणारही नाही, पण त्याचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. पुढे ते मशीन जास्त पेट्रोल पीत राहतं आणि कारण कुणालाच सापडत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारावा, जेट भिजू द्यावा आणि हवा मारावी. तरी निघालं नाही, तर गळाची बारीक तंगूस फिरवावी; नायलॉनने पितळ खरवडत नाही.

फवारा एका भोकात मारला की दुसऱ्यातून उसळून थेट डोळ्यांत येतो, म्हणून चष्मा हवाच. फवारा रबरी भागांवर मारू नये. शेवटी प्रत्येक वाट मोकळी झाल्याची खात्री करावी : इकडून मारलेला फवारा तिकडून बाहेर पडलाच पाहिजे. बहुतेकजण मेन जेट साफ करून थांबतात. आयडलिंगची बारीक भोकं तशीच राहतात आणि मशीन पुन्हा चोकवरच चालतं.

पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये पडदा बोटांनी हलवून बघावा. तो कापडासारखा मऊ हवा. कडक झाला असेल, कडकड वाजत असेल, तर बदलायचा. सुटा पडदा आणण्यापेक्षा पूर्ण किट बसवणं चांगलं. नेहमीच्या रचनेत पेट्रोल ओढणाऱ्या बाजूला आधी पडदा आणि वर गॅस्केट, तर मोजून सोडणाऱ्या बाजूला आधी गॅस्केट आणि वर पडदा असतो. ही उलटापालट झाली की नवं किटही फुकट जातं.

आता स्क्रू

टू-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. बाहेरून दिसणारा ‘एच’ (H) खुणेचा, रेसच्या वेळचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी होतं. मशीन काही दिवस जास्त चपळ वाटतं, आवाज चढा आणि तीक्ष्ण येतो, आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. म्हणून सगळं साफ झाल्यावर, एअर फिल्टर बसवून आणि इंजिन गरम करूनच स्क्रूला हात लावायचा. तोही पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करून, पाव-पाव फेरीने. आधी स्क्रू हलकेच आत टेकेपर्यंत किती फेऱ्या होतात, हे लिहून ठेवलं म्हणजे परतीची वाट मोकळी राहते.

मूळ दुखणं पेट्रोलचं

कार्बोरेटर तुंबतो तो बहुधा उभ्या मशीनमुळे. साठवलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि उरलेलं चिकट होत जातं. इथेनॉल मिसळल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून देशात विकायला सुरुवात झाली. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोकच्या मिश्रणात ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीतला फिल्टर मात्र तळाचं, ऑइल नसलेलं ओढतो. कोकणच्या दमट हवेत ही जोखीम खरी आहे. शिवाय इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जुना कार्बोरेटर या पेट्रोलवर थोडा अपुरा पुरवठा करतो. जुन्या रबरी नळ्याही लवकर खराब होतात.

उपाय साधे आहेत. महिनाभरात संपेल एवढंच पेट्रोल आणावं. मिश्रण पुस्तिकेप्रमाणे करावं : २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर, आणि तेही अंदाजाने न ओतता मापाने. टाकीत ओतताना गाळणी वापरावी. हंगामाच्या शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करावी, मशीन चालू करून आपोआप बंद पडू द्यावं आणि वाटीचा कार्बोरेटर असेल तर खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोलही काढून घ्यावं. या दहा मिनिटांत पुढच्या हंगामातली रांग, दुरुस्तीचा खर्च आणि ऐन बेणणीत वाया जाणारे दिवस वाचतात. इतकं करूनही मशीन दुकानात न्यायची वेळ आलीच, तर मेकॅनिकला पेट्रोल किती जुनं होतं, प्लग कोरडा होता की ओला आणि मशीन चोकवर चालतं का, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. चांगला मेकॅनिक त्यावरूनच अर्धं काम ओळखतो.