मिसरी सोडताना कुणीतरी सोबत हवं

दिंद्रुड आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर आत्ता भाकरी थापत, कापूस निवडत नाहीतर लेकराला पायावर घेऊन हा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्या जणींना रामराम.

मागं एकदा आपण बिडी-सिगारेटवर बोललो होतो. त्यानंतर एका ताईनं निरोप धाडला. ती म्हणाली, "मालकांची बिडी सुटावी म्हणून मी रोज भांडते. पण भांडताना माझ्याच तोंडात मिसरी असते, म्हणून ते नुसते हसतात." निरोप ऐकला आणि मलाही हसू आलं. मग जरा गप्प बसावं लागलं. कारण ही ताई म्हणजे मीच होते, चार वर्षांपूर्वीपर्यंत. सोळा वर्षं माझा हात सकाळी उठल्या उठल्या उशाखालच्या डबीकडं जायचा. चूल नंतर, देव नंतर, आधी मिसरी.

आपल्याकडं बाईनं बिडी ओढली तर गाव बोलतं. मिसरी लावली तर कुणी काही बोलत नाही. ती दात घासण्यात मोडते. म्हणून तर ती सुटायला जास्त अवघड आहे. व्यसन आहे हेच आपण धरत नाही.

मिसरी म्हणजे काय ते नीट सांगते. जुन्या बाया राखुंडी लावायच्या, ती कोळशाची नाहीतर गोवरीची राख. त्यात तंबाखू नसायची. मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठतो, मग कुटून चाळून डबीत भरायची. भाजली म्हणजे तिच्यातलं वाईट जळून गेलं असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. निकोटिन, म्हणजे जे आपल्याला बांधून ठेवतं ते, भाजल्यावरही राहतं. आणि भाजताना कर्करोगाला कारण होणारी आणखी काही द्रव्यं तयार होतात. हिरडीवर बोट फिरवलं की काही मिनिटांत ते रक्तात उतरतं. दाताची कळ थांबते ती त्या बधिरपणानं. कीड तिथंच असते, ती आपलं काम करत राहते.

मला मिसरी सासरी आल्यावर लागली. दाढ दुखत होती. तेव्हा दवाखाना लांब आणि सासूबाईंची डबी जवळ. त्यांनी मायेनंच दिली, मी त्यांना दोष देत नाही. पुढं कोयत्यावर जायला लागले तेव्हा ती पक्की झाली. ज्या जणी ऊसतोडीला जातात त्यांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या गाडीत बसून कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटक. पहाटे तीनला उठायचं, थंडीत फडात उतरायचं, भाकर खायला दहा-अकरा वाजणार. तोवर पोटातली आग कशानं विझवायची? मिसरीनं भूक मरते. हे खरं आहे, आणि जो कुणी आपल्याला "मिसरी सोडा" म्हणून सांगायला येतो, त्यानं आधी हे ऐकून घ्यावं असं मला वाटतं. शहरातून येऊन फुप्फुसाचं चित्र दाखवून जाणाऱ्यांना आमची पहाट माहीत नसते.

आता थोडे आकडे. सरकारनं 2016-17 मध्ये देशभर तंबाखूची मोठी पाहणी केली. तीत महाराष्ट्रातली शंभरातली साधारण 27 मोठी माणसं तंबाखू वापरतात असं निघालं. ओढणारी त्यात चारसुद्धा नाहीत. बाकी बहुतेक सगळी खाणारी, चघळणारी, लावणारी. आणि बायकांचं बघाल तर शंभरात साधारण 17. म्हणजे वीस जणींचा गट असेल तर त्यात तीन-चार डब्या निघणारच.

दुसरी गोष्ट पोटुशी असलेल्या लेकी-सुनांसाठी. मुंबईत गरीब वस्त्यांमधल्या बाराशेवर गरोदर बायांवर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो 2004 मध्ये छापून आला. तंबाखू वापरणाऱ्या त्या बायांमध्ये बहुतेक जणी मिसरीवाल्याच होत्या. त्यांची लेकरं सरासरी 105 ग्रॅमनं कमी वजनाची जन्मली, आणि दिवस भरायच्या आत जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. 105 ग्रॅम म्हणजे कितीसं, असं वाटेल. पण ज्या लेकराचं वजन आधीच दोन-सव्वादोन किलो भरतं, त्याला शंभर ग्रॅम फार होतात. अंगणवाडीताईच्या काट्यावर लेकरू ठेवताना आपला जीव कसा वरखाली होतो ते आठवा.

मी पहिल्यांदा मिसरी सोडली तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, सुटली तर सांगू, नाही सुटली तर लाज वाचेल. तीन दिवस निघाले. डोकं ठणकायचं, लेकरांवर वसकन ओरडायचे, रात्री झोप नाही. आणि सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पोट साफ होईना. चौथ्या दिवशी पहाटे डबी उघडली. कुणाला कळलं नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही. तिथंच माझं चुकलं, पण हे समजायला पुढं दोन वर्षं गेली.

हा जो त्रास होतो तो काय असतो हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शरीराला रोज निकोटिन मिळायची सवय असते. ते बंद झालं की चिडचिड, डोकेदुखी, उदासपणा, भूक वाढणं, मलावरोध हे होतंच. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. मग उतार पडतो, आणि बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत निवळतो. निकोटिन आतड्यांना चालना देतं, म्हणून मिसरीवाचून परसाकडं होत नाही असं वाटतं. ते काही जन्माचं नसतं. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू असं काहीतरी, आणि आतड्यांना थोडे दिवस द्यायचे. तलफ येते ती लाटेसारखी. पाच-दहा मिनिटं टिकते आणि आपोआप ओसरते. तेवढी पाच-दहा मिनिटं कशी काढायची, सगळा खेळ एवढाच आहे.

दुसऱ्यांदा सोडली ती भीतीनं. आशाताईनं उपकेंद्रावर नेलं होतं. तिशीपुढच्या बायकांचं तोंड तपासतात ना, तिथं. माझ्या खालच्या ओठाच्या आत, जिथं मी मिसरी दाबायचे नेमकं तिथंच, पांढरा चट्टा निघाला. पुसून जात नव्हता. मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तुकडा काढून तपासायला दिला. निकाल येईपर्यंत मी रोज रात्री लेकरांची तोंडं बघत बसायचे. निकाल चांगला आला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, हा चट्टा जाऊही शकतो आणि बिघडूही शकतो. तपासायला येत राहा, आणि आधी ती डबी टाका."

या वेळी मी गटात सांगितलं. बचतीची बैठक होती, पैसे मोजून झाले होते. मी म्हटलं, "बायांनो, मी उद्यापासून मिसरी लावणार नाही. मला तुमची मदत लागेल." आधी सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "परवा बोलू." पण आमच्यातली सगळ्यात थोरली आजी, साठी कधीच ओलांडलेली, म्हणाली, "पोरी, मी पण बघते सोडून. मरायच्या आधी एकदा जमतंय का बघू." त्या दिवसापासून आम्ही दोघी जोडीदारणी झालो.

आजीनं काय केलं सांगू? ती पहाटे पाचला माझ्या दारात यायची. माझी मिसरीची वेळ तिला माहीत होती, कारण तिचीही तीच होती. बोलायची फार नाही. चहा ठेवायचा, दोघींनी प्यायचा, मग लिंबाच्या काडीनं दात घासायचे. हाताला आणि तोंडाला काम मिळालं की तेवढा वेळ सरतो. बडीशेप, ओवा, भाजलेले हरभरे पदराला बांधून ठेवायचो. सुपारी मात्र नाही. मिसरी सोडून सुपारी धरली तर आगीतून फुफाट्यात, सुपारीनंही तोंडाचा कर्करोग होतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी तिथल्या वस्त्यांमधल्या बायांसोबत असंच काम केलं होतं. घरोघर जायचं, गटात बोलायचं, पुन्हा पुन्हा भेटायचं. वर्षाअखेर साधारण तिघींमागे एकीची तंबाखू सुटली. तिघींमागे एकच, असं म्हणाल. पण एकट्यानं मनाच्या बळावर सोडू पाहणाऱ्यांत शंभरातले मोजकेच टिकतात, हे लक्षात घेतलं तर ते कमी नाही. तिकडं गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली, तीही गावोगावच्या लोकांनी, बायांनी रेटा लावल्यावर. तिथंच 2016 पासून मुक्तिपथ नावाचं काम सुरू झालं. दारू आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याची घोटलेली पुडी, दोन्हींवर गावातलीच माणसं मिळून काम करतात. आपली वारकरी मंडळी तर हे कधीपासून जाणतात. माळ घालणारा चारचौघांत घालतो. पुढं मोह झाला तरी गळ्यातल्या माळेला हात लागतो, आणि दिंडीतली माणसं विचारणारी असतात.

होळीला व्यसनांची होळी करतात, गुटख्याच्या पुड्या जाळतात. चांगलं आहे, फोटो येतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तलफ आल्यावर फोटोवाला येत नाही. तेव्हा आजीच यायला लागते.

सोबत करणारीनं काय बोलावं, हेही महत्त्वाचं. "एवढंही जमेना का तुला?" हे वाक्य बाईला सरळ डबीकडं ढकलतं. मधे हळदीच्या एका कार्यक्रमात आजीनं दुसऱ्या कुणाच्या डबीतून बोट लावलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आलीच नाही, लाजली. मग मी तिच्या दारात गेले. म्हटलं, "आजी, काल किती वेळा लावली?" म्हणाली, "एकदाच." म्हटलं, "आधी रोज किती वेळा लावायचीस?" म्हणाली, "पाच-सहा." "मग चांगलंच चाललंय की." ती हसली आणि आम्ही चहा ठेवला. बहुतेक माणसांना दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो. एकदा बोट लागलं म्हणजे सगळं फुकट गेलं असं नसतं.

दिवस कोणता निवडायचा? माझं मत विचाराल तर कोयत्यावर निघायच्या आठवड्यात किंवा घरात लग्न असताना सुरू करू नका. गावात असता, कामाची घाई थोडी कमी असते, तेव्हा करा. ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी घरातली तंबाखू बाहेर काढा. "पाहुण्यासाठी" म्हणून एक पुडी मागं ठेवू नका, तो पाहुणा आपणच असतो. आणि दात दुखत असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडं जा, नाहीतर कळ उठली की मिसरी आठवेल. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तिखट सोसत नसेल, तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर सोडायची वाट न बघता आधी तपासून घ्या. लवकर सापडलं तर इलाज होतो. बार्शीला कर्करोगाचं रुग्णालय आहे, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवायला मदत करतात, तिथं सल्ला फुकट मिळतो.

फोनवरही मदत आहे. 1800-11-2356. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि ते पुढं स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. 2018 च्या सप्टेंबरपासून हा नंबर तंबाखूच्या पुड्यांवर आणि बिडी-सिगारेटच्या पाकिटांवर छापतात. घरी भाजलेल्या मिसरीच्या डबीवर तो कोण छापणार? म्हणून आत्ताच चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. पुन्हा सांगते, 1800-11-2356.

पैशाचंही एक सांगते, गटाच्या बायांना ते लगेच कळतं. दिवसाला 10 रुपये धरले तर वर्षाचे 3,650 होतात. नवरा-बायको दोघांचे 7,300. आजीनं आणि मी तो पैसा वेगळ्या डब्यात टाकला. आजीनं त्यातून चष्मा केला. माझ्या पैशाच्या दोन शेळ्या झाल्या, त्यातली एक मेली, ते सोडा.

आता त्या ताईच्या निरोपाकडं येते. ताई, मालकांशी भांडण थांबवा आणि आधी त्यांना सांगा, "मी मिसरी सोडतेय, मला जड जातंय." मी तेच केलं. वर्षभर माझ्या मालकांनी काही दाद दिली नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "तुझ्या त्या नंबरवर लावून दे बरं फोन." बिडी एकदा सुटली, पुन्हा लागली, आता पुन्हा सुटलीय. आज एकेचाळीस दिवस झाले. यंदा ते उसाच्या ट्रॅक्टरवर सांगलीकडं आहेत, सोबतचे सगळे ओढणारे. रोज रात्री जेवण झालं की त्यांचा फोन येतो. आधी मी विचारते, "ओढली का?" मग ते विचारतात, "लावली का?" त्यानंतर लेकरांचं, शेळीचं आणि बाकी सगळं.