पेशींची चूल आणि तिचा राखणदार

कर्करोगाचे निदान झाले की नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो : "साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल काय?" देवबाग-तारकर्लीकडील घरांत तो प्रश्नापुरता राहत नाही. रुग्णाच्या पानातला भात कमी होतो, सकाळची पेज बंद होते, फळे दूर ठेवली जातात. या समजुतीमागे विज्ञानाचा एक खरा धागा आहे. मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आपल्या पेशी ग्लुकोजपासून दोन टप्प्यांत शक्ती मिळवतात. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचे अर्धवट विघटन होते आणि एका रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे अवघे २ रेणू हाती लागतात. तंतुकणिकांत प्राणवायूच्या साहाय्याने ते विघटन पूर्ण झाले, तर सुमारे ३० मिळतात. जोराने धावताना प्राणवायू अपुरा पडला की स्नायू पहिल्या टप्प्यावर भागवून नेतात व लॅक्टिक आम्ल तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात असे आढळले, की कर्कपेशी प्राणवायू मुबलक असतानाही ग्लुकोज भराभर ओढून घेतात आणि त्याचा मोठा भाग लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. हा उधळेपणा वरवरचा आहे. वेगाने दुभंगणाऱ्या पेशीला शक्तीइतकीच नव्या पेशीच्या बांधकामाची सामग्रीही हवी असते, आणि अर्धवट विघटनातून ती मिळते. पेशींच्या तंतुकणिका बिघडल्यामुळे असे होते, हा वारबुर्ग यांचा तर्क मात्र पुढे बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत टिकला नाही.

मग ही चूल बेताने चालावी, हे पाहतो कोण? त्या राखणदारांपैकी एक म्हणजे सतराव्या गुणसूत्रावरील पी-५३ हे जनुक. त्याचे प्रथिन १९७९ साली सापडले. प्रारंभी ते कर्करोगास साहाय्यक मानले गेले. ते वस्तुतः अर्बुदरोधक आहे, हे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झाले. पेशीच्या जनुकीय द्रव्यास इजा झाली तर हे प्रथिन तिचे विभाजन थांबवते, दुरुस्तीस अवधी देते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरणाकडे नेते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हे जनुक बिघडलेले आढळते. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरिन या जनुकाच्या नेमक्या त्याच जागांना चिकटते, जेथे फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाड दिसतो, असे १९९६ साली दाखवले गेले. आपल्याकडील मशेरी ही तंबाखू भाजूनच केली जाते, हे येथे सांगितलेच पाहिजे.

२००६ साली या राखणदाराची आणखी एक बाजू पुढे आली. पी-५३ हे टायगार नावाचे प्रथिन वाढवते, आणि ते ग्लुकोज-विघटनाचा वेग आवरते. त्याच वर्षी असेही दिसले, की तंतुकणिकांतील श्वसनयंत्रणा जुळवण्यास लागणारे एस.सी.ओ.-२ हे प्रथिनही पी-५३ च्या आज्ञेने तयार होते. पेशीत ग्लुकोज आत घेणाऱ्या काही दारांवरही त्याचा अंकुश असतो. म्हणजे पी-५३ निकामी झाले की दारे सैल होतात, पहिला टप्पा सुसाट होतो आणि दुसरा मंदावतो. अर्थात प्रत्येक कर्करोगात हे असेच घडते असे नाही; इतर जनुकांच्या बिघाडानेही पेशी याच वाटेला लागते.

आता पानातल्या भाताकडे वळू. गाठ ग्लुकोज ओढते ते रक्तातून, आणि रक्तातील ग्लुकोजची पातळी शरीर स्वतः राखते. आहार तोडला तर यकृत ग्लुकोज तयार करते. त्यासाठी स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो, खंगतो तो रुग्ण. वजन व ताकद घटलेल्या रुग्णास केमोथेरपी व शस्त्रक्रिया सोसणे कठीण जाते. म्हणून भात, पेज, मासळी, अंडी, डाळ हे सारे त्यास द्यावे. मधुमेह असल्यास पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे, शेजाऱ्यांच्या नव्हे.

कर्कपेशींच्या याच भुकेचा उपयोग पेट स्कॅनमध्ये होतो. ग्लुकोजसदृश एफ.डी.जी. या द्रव्यास किरणोत्सारी फ्लोरीन जोडून ते शिरेतून देतात. जेथे ग्लुकोजची ओढ अधिक, तेथे चित्रात ठिपका उजळतो. भारतात ही सोय प्रथम २००२ साली मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. हा फ्लोरीन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून मोटारीने मालवणपर्यंत आणायचा म्हटला आणि वाटेत दहा तास गेले, तर १०० भागांतील जेमतेम २ भाग उरतील. गावोगावी हे यंत्र का नाही, याचे खर्चाखेरीजचे हेही एक कारण आहे.

या तपासणीस जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. साधारणतः सहा तास उपाशी राहावे लागते, पाणी चालते. मधुमेही रुग्णांनी औषधांविषयी आधीच विचारून घ्यावे, कारण रक्तातील साखर वाढलेली असेल तर चित्र अंधुक येते. इंजेक्शननंतर सुमारे तासभर शांत पडून राहावे. हालचाल केल्यास स्नायूच ग्लुकोज ओढून घेतात. मेंदू तर नेहमीच उजळ दिसतो, कारण त्याचे मुख्य इंधनच ग्लुकोज आहे. आणि अहवालात ठिपका दिसला म्हणून धीर सोडू नये : क्षयरोगाच्या गाठीही अशाच उजळतात, म्हणून शंका असल्यास तुकडा काढून तपासल्याखेरीज डॉक्टर निर्णय देत नाहीत.