उतरण्यापूर्वीचा संवाद

सोमवार, २१ जुलै २०२५ रोजी, कोचीहून आलेले एअर इंडियाचे विमान मुसळधार पावसात मुंबईच्या धावपट्टीवरून घसरले. सुदैवाने प्रवासी सुखरूप उतरले, आणि कारणांचा निवाडा हे चौकशी अधिकाऱ्यांचे काम. परंतु पावसाळ्यात अशी वार्ता आली, की विमान ढगांच्या वर असतानाच दोन वैमानिकांत जे अल्प संभाषण होते, आणि ज्याला त्या व्यवसायात ॲप्रोच ब्रीफिंग म्हणतात, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते.

रूढ शिरस्ता असा, की विमान चालवणारा वैमानिक धावपट्टीचा क्रमांक, आयएलएस या उतरताना मार्ग दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची फ्रीक्वेन्सी, किमान उंची आणि उतरणे न साधल्यास पुन्हा वर जाण्याचा मार्ग हे सारे ओळीने वाचून दाखवतो, व सहकारी मान डोलावतो. हे तपशील आवश्यक खरेच. पण शेकडो वेळा उच्चारलेले शब्द कानावर पडून वाहून जातात, आणि आज वेगळे व धोक्याचे काय आहे, हा मुख्य प्रश्न त्यांच्या गर्दीत दबून राहतो.

रिच लाउडन आणि डेव्हिड मोरियार्टी या वैमानिकांनी २०१७ मध्ये निराळा क्रम सुचवला: प्रथम धोके, मग बेत, शेवटी इतर विचार, आणि धोके सांगण्याचा पहिला मान विमान न चालवणाऱ्याला. कॅप्टनने विचारावे, "आज आपल्याला काय नडेल?" सहवैमानिकाने सांगावे, "ओली धावपट्टी, सर, आणि पाठीमागचा वारा." त्यावर कॅप्टनने लागलीच म्हणावे, "मग किती धावपट्टी लागेल ते काढू. ठरलेल्या टप्प्यात चाके टेकली नाहीत तर वर जाऊ, आणि तू 'गो-अराउंड', म्हणजे उतरणे सोडून वर चला, म्हणालास की मी वाद न घालता जाईन."

या अखेरच्या वाक्याचे मोल कोळिकोडला कळते. ७ ऑगस्ट २०२० रोजी, पहिला प्रयत्न सोडून, उलट दिशेने, पाठीमागचा वारा घेत उतरलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट गेल्यावर टेकले, धावपट्टी ज्या पठारावर आहे त्याच्या कडेवरून खाली गेले, आणि २१ जण प्राणास मुकले. अधिकृत अहवाल सांगतो, की सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते. ते मानले गेले नाही, आणि त्याने स्वतः नियंत्रण हाती घेतले नाही. त्याआधी २०१० मध्ये मंगळूरच्या विमान अपघातात १५८ माणसे गेली, तेथेही सहवैमानिकाने तीनदा तेच सुचवले होते.

दोन्हीकडे ज्ञान होते, आवाजही उठला. उणीव होती ती अखत्याराची. अनुभवी वरिष्ठाला ऐन घटकेला अडवण्याचे धैर्य कनिष्ठाने काही सेकंदांत कोठून आणावे? तो अधिकार वरिष्ठानेच, हाती निवांत वेळ असताना, स्वमुखाने त्याच्या हवाली केला पाहिजे. म्हणून वैमानिकांची परीक्षा घेणाऱ्यांनी किती तपशील वाचले गेले हे मोजण्यापेक्षा सहवैमानिक काय बोलला आणि त्यामुळे बेतात कोणता फरक पडला, याची नोंद ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.